सिगारेट-विडी सोडताना घरगुती उपाय आणि सवयी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

औषधांच्या दुकानात काउंटरच्या आत बसलं की एक प्रश्न फार वेळा कानावर येतो, तोही हळू आवाजात: "सिगारेट सोडायला काही आहे का? पण गोळी नको, काहीतरी आपलं घरगुती सांगा." माणूस डिचोलीचा असो, वाळपईचा असो की फोंड्याचा, पुढचे प्रश्नही साधारण तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. मात्र गरोदर स्त्रियांनी प्रश्न १७ आणि कुठलंही औषध रोज घेणाऱ्यांनी प्रश्न १९ सगळ्यांत आधी वाचावा.

१. घरगुती उपायांनी सिगारेट खरंच सुटते का?

सुटते, पण उपायाकडून काय मागायचं ते आधी कळायला हवं. सिगारेटची ओढ तीन ठिकाणांहून येते. रक्तातलं निकोटीन कमी झालं की शरीर मागतं. हाताला आणि तोंडाला काहीतरी चाळा लागतो. आणि ठरलेली वेळ, ठरलेली जागा, ठरलेली माणसं समोर आली की मन आपोआप तिकडे वळतं. बडीशेप, लवंग, कोकम, प्राणायाम, चालणं या सगळ्यांचा दुसऱ्या आणि तिसऱ्या ओढीवर चांगला उपयोग होतो. पहिल्या ओढीवर मात्र आपल्या स्वयंपाकघरात औषध नाही.

म्हणून स्वतःला एकच विचारा: सकाळी उठल्यावर पहिली सिगारेट किती वेळात लागते? अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर शरीराची ओढ मोठी आहे. अशांनी घरगुती उपायांच्या जोडीला निकोटीनचं च्युइंगम किंवा डॉक्टरांचं औषध घ्यावं (प्रश्न १२). पहिली सिगारेट दुपारच्या जेवणानंतर किंवा संध्याकाळी मित्रांतच लागत असेल तर सवयी बदलूनच बरंच साधतं.

कुठलीही मदत न घेता सोडणाऱ्या १०० जणांपैकी वर्षभर टिकणारे ३ ते ५ असतात, असं जगभरच्या अभ्यासांत दिसून आलं आहे. "इच्छाशक्ती असली की झालं" असं सांगणाऱ्यांचं म्हणूनच मला पटत नाही. मदत घेणाऱ्याला कमजोर समजू नये.

२. सुरुवात कुठून करू?

कागद आणि पेन्सिलीपासून. चार दिवस नेहमीसारखीच ओढा, पण पाकिटाला रबरबँडने एक कागद बांधा आणि प्रत्येक सिगारेट पेटवण्याआधी वेळ, जागा आणि सोबत कोण ते लिहा. "६.४०, परसात, एकटा. ९.१०, कदंब स्टँड, बसची वाट. ११, गाड्यावर चहा, ऑफिसातले दोघे." असं काहीतरी उतरेल. चार दिवसांनी तो कागद पाहिला की त्यातल्या निम्म्या सिगारेटी मनापासून हव्या नव्हत्या, वेळ झाली म्हणून ओढल्या, हे तुमचं तुम्हालाच दिसेल.

मग प्रत्येक ओळीसमोर एक पर्याय लिहा. स्टँडवरच्या सिगारेटीसमोर "फुटाण्यांची पुडी", परसातल्या सिगारेटीसमोर "गरम पाणी आणि फुलझाडांना पाणी". इथे बहुतेकांचं चुकतं. लोक पदार्थ विचारतात, वेळ विचारत नाहीत. लवंगांची डबी स्वयंपाकघरात आणि तल्लफ स्टँडवर, असं असेल तर ती डबी काय कामाची? कुठला पदार्थ याच्यापेक्षा तो नेमक्या वेळी खिशात आहे की नाही, हे जास्त महत्त्वाचं.

यानंतर तारीख ठरवा, दोन आठवड्यांच्या आतली. आदल्या रात्री लायटर, ऍश-ट्रे, गाडीच्या कप्प्यातलं जुनं पाकीट, सगळं घराबाहेर काढा. "पाहुण्यांसाठी" म्हणून एकसुद्धा ठेवू नका.

३. एकदम सोडावी की हळूहळू कमी करत आणावी?

एकदम. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत ठरलेल्या दिवशी एकदम सोडणारे, हळूहळू कमी करणाऱ्यांपेक्षा जास्त प्रमाणात टिकले. कमी करत नेताना उरलेली प्रत्येक सिगारेट अधिक हवीशी वाटू लागते आणि दिवस तिची वाट पाहण्यात जातो. एकदम सोडायची भीतीच वाटत असेल तर कमी करत आणा, पण शेवटचा दिवस आधी कॅलेंडरवर लिहून मग.

४. सोडल्यावर किती दिवस त्रास होतो?

पहिले दोन-तीन दिवस सगळ्यांत अवघड. चिडचिड, डोकं जड, झोप उडणं, कामात लक्ष न लागणं, सारखी भूक. साधारण दोन ते चार आठवड्यांत हे ओसरतं. विचित्र स्वप्नं पडतात, काहींना तोंड येतं. दोन्ही आपोआप जातात. तोंड आलं असेल तर तिखट कमी करा, जखमेवर साजूक तूप लावा.

याच दिवसांत शरीरात चांगलंही घडत असतं. शेवटच्या सिगारेटीनंतर २० मिनिटांत नाडीचे ठोके खाली येऊ लागतात, साधारण दिवसभरात रक्तातला कार्बन मोनॉक्साइड उतरतो, आणि वर्षभर टिकलात तर हृदयविकाराचा वाढीव धोका निम्म्यावर येतो. घरच्यांना आधी सांगून ठेवा, "हा आठवडा मी चिडेन, मनावर घेऊ नका." या एका वाक्यानं घरातली भांडणं टळतात.

मन मात्र दोन आठवड्यांनंतरही उदासच राहिलं, कशातच रस वाटेना, तर त्याला नुसती तल्लफ समजू नका. डॉक्टरांना भेटा किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य फोनसेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा.

५. तल्लफ आली की त्या क्षणी नेमकं काय करायचं?

पहिलं म्हणजे घड्याळ पाहा. एक तल्लफ साधारण तीन ते पाच मिनिटं जोरात राहते आणि मग उतरते, ओढली तरी आणि नाही ओढली तरी. तेवढी पाच मिनिटं काढायची आहेत.

बसला असाल तर उठा, उभे असाल तर चालू लागा. पाच-दहा मिनिटं भरभर चाललं की तल्लफ कमी होते, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. मिरामारला जायला नको, ऑफिसचा जिना पुरतो. पावसाळ्यात बाहेर पडता येत नाही तेव्हा व्हरांड्यातच फेऱ्या मारा.

चालणं शक्य नसेल तर श्वास. नाकानं हळू आत घ्या, मनात चारपर्यंत मोजा. ओठ गोल करून, फुंकर घातल्यासारखा, सहा ते आठ मोजेपर्यंत सोडा. असं दहा वेळा. सिगारेट ओढताना जे शांत वाटतं त्यातला काही भाग अशा लांब श्वासाचाच असतो. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी श्वास कोंडून धरू नये आणि कपालभाती जोरजोरात करू नये. नुसता लांब श्वास पुरे.

मग पाणी प्या, छोट्या घोटांनी, पेला संपेपर्यंत. आणि हाताला काम द्या. शेंगा सोला, नारळ खोवा, मोटरसायकल पुसा. माझ्या ओळखीचे एक काका तल्लफ आली की आंगणातली सुपारीची झावळी ओढून बाजूला करतात. त्यांचं आंगण आता आरशासारखं आहे.

६. तोंडात ठेवायला सगळ्यांत चांगलं काय?

बडीशेप सर्वांत सुरक्षित, पण साधी भाजलेली; साखरेच्या रंगीत गोळ्यांची नको. लवंग एका वेळी एकच, गालात धरून ठेवायची. दिवसभर लवंगा चघळल्या तर हिरड्या भाजतात. दालचिनीची काडी बोटांत धरायला बरी वाटते. ती चोखा, वास घ्या, पण चावून खाऊ नका. सुकवलेला आवळा चांगला. आपल्याकडचं कोकमाचं सोल तर फारच उपयोगी आहे: अर्धं सोल मिठाच्या कणाबरोबर जिभेखाली ठेवलं की तोंडाला पाणी सुटतं आणि धुराची आठवण मागे पडते. फक्त निकोटीनचं च्युइंगम घेणाऱ्यांनी आंबटाची वेळ सांभाळावी, कारण प्रश्न १२ मध्ये आहे.

ज्येष्ठमधाची काडी लोकांना सर्वांत आवडते, आकारानं सिगारेटीसारखी म्हणून. पण रोज बराच ज्येष्ठमध पोटात गेला तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम कमी होतं. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी, लघवी होण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी तिला हात लावू नये. बाकीच्यांनीही पहिले एक-दोन आठवडेच.

गाजर-काकडीच्या लांब फोडी, फुटाणे, शेंगदाणे चालतील. जत्रेतलं खाजं आकारानं अगदी योग्य, वर आल्याची चव, पण गुळा-साखरेचं असल्यामुळे रोजचं नको.

सुपारी मात्र अजिबात नको. तंबाखू नसली तरी सुपारीनं कॅन्सर होतो, आणि तिचीही सवय लागते. पान मसालाही त्यातच आला.

७. सकाळी सिगारेट ओढल्याशिवाय पोटच साफ होत नाही. मग कसं सोडू?

हा प्रश्न लाजत विचारला जातो, पण इतक्या जणांचा आहे की लाजायचं कारण नाही. निकोटीन आतड्यांची हालचाल वाढवतं, त्यामुळे सोडल्यावर काही दिवस बद्धकोष्ठ होणं खरंच घडतं. म्हणून सोडण्याच्या तारखेच्या आठवडाभर आधीपासून पोटाची तयारी करा.

उठल्याबरोबर दोन पेले कोमट पाणी, मग दहा मिनिटं चालणं, आणि रोज त्याच वेळी जाऊन बसणं. आलं नाही तरी बसायचं, फोन न घेता. सकाळी अकराला उकड्या तांदळाची पेज, नाश्त्याला नाचणीचं तिझन (खिरीसारखं), दिवसातून एकदा पपई किंवा केळं, जेवणात तांबडी भाजी. रात्री इसबगोल एक-दोन चमचे, भरपूर पाण्यातून. कमी पाण्यात घेतलं तर उलट अडकतं. दोन-तीन आठवड्यांत आतड्यांना नवी वेळ कळते.

८. चहा-कॉफी सोडावी लागेल का?

सोडू नका, पण निम्मी करा. धुरातल्या काही घटकांमुळे यकृत कॅफिन लवकर संपवतं. सिगारेट थांबली की तोच चहा, तीच कॉफी शरीरात जास्त वेळ राहते. धडधड, हात थरथरणं, रात्री झोप न येणं हे सगळं लोक "सिगारेट सोडल्याचा त्रास" समजतात, आणि त्यातला बराचसा पाच कप चहाचा असतो.

चहाची जागाही बदला. गाड्यावर उभं राहून प्यायचात तर आता बसून प्या, आणि कप डाव्या हातात असायचा तर उजव्या हातात घ्या. संध्याकाळी धणे-जिऱ्याचा कषाय घेऊन पाहा, दूध घालून. काही ओढणाऱ्यांनी असंही सांगितल्याचं अभ्यासांत आलं आहे की दूध, पाणी, फळं यांनंतर सिगारेटची चव बिघडते आणि कॉफी-दारूनंतर ती चांगली लागते.

९. हुर्राकचा (काजूच्या दारूचा) मोसम आहे. प्यायला बसलो की सिगारेट हवीच होते. दोन्ही सोडायचं का?

निदान पहिला महिनाभर, हो. सोडलेली सिगारेट जिथे परत सुरू होते त्यात दारूची बैठक फार वरच्या नंबरावर आहे. दोन ग्लास झाले की सकाळचा निश्चय आठवतच नाही, आणि सिगारेट पुढे करणारा मित्र समोरच असतो. म्हणून सोडण्याची तारीख मार्च ते मे या दिवसांत धरायची असेल तर काजूच्या भट्टीकडची आणि तावेर्नातली (दारूच्या गुत्त्यातली) बैठक त्या वर्षापुरती टाळा.

लग्न, वाढदिवस, फेस्ताला जावंच लागलं तर हातात कोकम सरबत किंवा लिंबू-सोडा घ्या. त्यात मिठाबरोबर मिरची चिरून घाला, म्हणजे ग्लास हुर्राकसारखा दिसतो आणि कुणी आग्रह करत नाही. ओढणारे बाहेर पडले की तुम्ही जेवणाच्या टेबलाकडे जा. आणि लवकर निघा.

रोज पिण्याची सवय असेल, न प्यायल्यास सकाळी हात कापत असतील, तर मात्र दारू स्वतःच्या मनानं एकदम बंद करू नका. ते धोक्याचं असतं. आधी डॉक्टर.

१०. श्रावणात महिनाभर एकही ओढत नाही. चवथ (गणेशचतुर्थी) झाली की परत सुरू. असं का होतं?

मला या प्रश्नातून फार आशा वाटते. जो माणूस पूर्ण श्रावण काढतो त्यानं प्रश्न ४ मधला सगळा त्रास पार केलेला असतो. शरीराची ओढ तेव्हा जवळजवळ संपलेली असते. परत सुरू होते ती मनात शेवटची तारीख धरून ठेवलेली असते म्हणून. श्रावण संपला की नुस्तं (मासे), दारू आणि सिगारेट या तिन्ही गोष्टी एकत्र सुटतात, आणि नुस्त्याच्या पहिल्या जेवणावर हात आपसूक खिशाकडे जातो.

तेव्हा त्या तिघांची गाठ सोडवा. मासे खुशाल खा. पण त्या दिवशी जेवण झाल्याबरोबर पानावरून उठा, दात घासा, बडीशेप तोंडात टाका आणि घरातल्या कुणाला तरी घेऊन बाहेर चक्कर मारा. पूजेच्या दिवशी देवापुढे गाऱ्हाणं घालताना सिगारेटीचं वेगळं सांगणं करा, मुदत न घालता. श्रद्धा असेल तर या सांगण्याला मोठं बळ असतं. घरच्यांसमोर म्हटलेलं असतं, आणि तेही आठवण करून देतात.

११. आमच्या नाटकाची तालीम सुरू आहे. तिथे सगळेच ओढतात. मी एकटा कसा राहू?

गावच्या उत्सवी नाटकाची तालीम रात्रीची जेवणं आटोपल्यावर सुरू होते आणि मध्यरात्रीपर्यंत चालते. एक प्रवेश संपला की निम्मी मंडळी देवळाच्या आवाराबाहेर अंधारात उभी. हसणं-खिदळणं, पुढच्या प्रवेशाची चर्चा सगळी तिथेच. सिगारेट सोडणाऱ्याला धुरापेक्षा त्या गप्पांतून आपण वगळले जाऊ याची धास्ती जास्त असते.

पहिल्या दिवशीच सगळ्यांसमोर सांगा: "मी ओढत नाही. मला देऊ नका." एकदाच, स्पष्ट. दिग्दर्शकाला सांगून त्या मधल्या वेळेचं एखादं काम मागून घ्या. वही धरून नवख्या नटाकडून संवाद म्हणून घेणं सर्वांत बरं. थर्मासमध्ये आल्याचा कषाय भरून न्या आणि तुम्हीच वाटा. दोन-चार दिवसांत ओढणाऱ्यांतलेच एक-दोघे कषायासाठी आत थांबू लागतात. तालीम संपल्यावर बाईकवर टेकून गप्पा मारायची सवय असेल तर पहिले पंधरा दिवस सरळ घरी.

गाणाऱ्या नटाला आणि घुमट आरतीत वरच्या पट्टीत आवाज लावणाऱ्याला याचा फायदा सगळ्यांत आधी जाणवतो. काही आठवड्यांत श्वास पुरू लागतो.

१२. निकोटीनचं च्युइंगम म्हणजे पुन्हा निकोटीनच ना? नैसर्गिक उपायांत ते बसतं का?

कॅन्सर करणारे बहुतेक घटक धुरातून येतात, निकोटीनमधून नाही. च्युइंगममध्ये धूर नाही, म्हणून ते सिगारेटपेक्षा खूपच कमी धोक्याचं आहे, आणि ते हळूहळू कमी करून थांबवता येतं. २ मिलिग्रॅमचं च्युइंगम दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतं, ४ मिलिग्रॅमला डॉक्टरांची चिठ्ठी लागते.

बहुतेक जण ते चुकीचं चघळतात आणि मग "काही उपयोग नाही, नुसती उचकी लागते" म्हणतात. हळू चावा. झणझणीत चव आली की थांबा आणि गाल-हिरडीच्या मध्ये ठेवा. चव गेली की पुन्हा थोडं चावा. असं अर्धा तास. च्युइंगमच्या १५ मिनिटं आधीपासून ते संपेपर्यंत चहा, कॉफी, कोकम सरबत, सोलकढी, लिंबूपाणी काही नको. तोंड आंबट असलं की निकोटीन नीट शोषलं जात नाही. गोव्यातल्या जेवणानंतर लगेच च्युइंगम घेतलं तर म्हणूनच ते काम करत नाही. अलीकडे हृदयविकाराचा झटका आला असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

नैसर्गिकच हवं असेल तर एक गोष्ट सांगतो. लॅबर्नम नावाच्या झाडात सायटिसिन हे द्रव्य असतं आणि पूर्व युरोपात ते सिगारेट सोडवण्यासाठी १९६० च्या दशकापासून वापरलं जातं. व्हॅरेनिक्लिन ही डॉक्टर देतात ती गोळी त्याच द्रव्यावरून तयार झाली. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२४ मध्ये सिगारेट सोडवण्याच्या ज्या औषधांची शिफारस केली त्यांत ही दोन्ही आहेत. तेव्हा गोळी म्हणजे निसर्गाविरुद्ध काही, असं मनात आणू नका. (झाडाच्या बिया मात्र विषारी असतात, कुणी कुठून आणून दिल्या तरी खाऊ नका.)

१३. हर्बल सिगारेट, विडी, हुक्का किंवा व्हेप घेतलं तर चालेल का?

नाही. तुळशीची का असेना, पानं जाळून ओढली की टार आणि कार्बन मोनॉक्साइड येतोच. विडीत पान नैसर्गिक असलं तरी आत तंबाखूच आहे. हुक्क्याच्या तासाभराच्या बैठकीत एका सिगारेटीपेक्षा कितीतरी जास्त धूर आत जातो. ई-सिगारेटच्या विक्रीवर, आयातीवर आणि साठ्यावर देशभर २०१९ पासून बंदी आहे. किनाऱ्यावर कुणी चोरून विकत असेल तर त्यात काय भरलंय याची कुणालाच खात्री नसते. गुटखा, मशेरी आणि तपकीर यांतही निकोटीनच असतं.

१४. नवऱ्याला न सांगता जेवणात घालायचं चूर्ण मिळतं म्हणे. देऊ का?

नका देऊ. "आठ दिवसांत व्यसन सुटेल" अशा जाहिरातीच्या पुड्यांत काय असतं ते पुडीवर नीट लिहिलेलं नसतं, आणि त्याला रक्तदाबाची किंवा मधुमेहाची औषधं चालू असतील तर जीवावर बेतू शकतं. शिवाय ते कळलं की तो तुमच्या हातचं जेवतानाही संशय घेईल. तुमची काळजी खरी आहे, म्हणूनच सांगतो: वाद न घालता शांत वेळी एकदाच विचारा, "सोडायची असेल तर मी काय करू?" आणि तो सांगेल ते करा. उत्तर "नको आत्ता" आलं तर काही आठवड्यांनी पुन्हा विचारा.

अश्वगंधा, ब्राह्मी वगैरेंबद्दलही विचारतात. झोप किंवा अस्वस्थतेसाठी वैद्यांनी दिलं तर घ्या, पण सिगारेट त्यानं सुटते असा भरवशाचा पुरावा नाही. थायरॉइडचा त्रास असलेल्यांनी अश्वगंधा विचारल्याशिवाय घेऊ नये. झोपेसाठी दुधात जायफळ घालायचं तर चिमूटभरच. जास्त जायफळ विषारी ठरतं.

१५. सोडल्यापासून खोकला वाढलाय आणि वजनही. मग सोडून काय मिळवलं?

श्वासनलिकेतल्या बारीक केसांसारख्या तंतूंना धुरानं लुळं केलेलं असतं. ते पुन्हा हलू लागले की साचलेला कफ वर ढकलतात, म्हणून काही आठवडे खोकला येतो. वाफ, कोमट पाणी, रात्री हळदीचं दूध यांनी आराम पडतो. महिन्याहून अधिक टिकला, कफात रक्त दिसलं, धाप लागली किंवा न सांगता वजन उतरू लागलं तर घरगुती काही करत बसू नका, छातीचा एक्स-रे काढून घ्या.

वजन पहिल्या वर्षात सरासरी चार-पाच किलो वाढतं. निकोटीन भूक मारतं आणि ते गेल्यावर जेवणाला चव येते. पहिले दोन महिने वजनाची चिंता बाजूला ठेवा, फक्त तोंडात टाकायला गोड नको. नंतर चालणं वाढवा. चार किलो उतरवता येतात.

१६. आता दिवसाला एकच ओढतो, जेवणानंतर. इतकी चालेल ना?

वीसवरून एकवर आलात हे सोपं नव्हतं. पण हृदयाचा हिशेब वेगळा आहे. दिवसाला वीस ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जो वाढीव धोका असतो, त्याचा साधारण निम्मा धोका एकच ओढणाऱ्यालाही असतो, असं २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात दिसलं. ती एक सोडा. उपाय प्रश्न १० मधल्या जेवणानंतरच्या युक्तीसारखाच.

पूर्ण सोडली होती आणि चुकून एक ओढली असेल तर मात्र गोष्ट निराळी. एका सिगारेटीनं सगळं वाया जात नाही. पाकीट फेका, ती कुठे आणि कुणाबरोबर ओढली ते प्रश्न २ मधल्या कागदावर लिहा, आणि पुढच्या तासापासून पुन्हा सुरू. "आता मोडलंच आहे तर आजचा दिवस ओढू" हा विचार त्या एका सिगारेटीपेक्षा जास्त नुकसान करतो.

१७. मी गरोदर आहे. सिगारेट ओढत होते, आईला मशेरीची सवय आहे. काय घ्यावं?

कुठलाही महिना असू दे, आज सोडली तरी बाळाला फायदा होतो. ज्येष्ठमध, अश्वगंधा आणि जाहिरातीतली चूर्णं बंद. निकोटीनचं च्युइंगमसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. चालणं, लांब श्वास, पाणी, बडीशेप थोडी, फळं, आणि कुणाशी तरी रोज बोलणं. तपासणीला जाल तेव्हा डॉक्टरांना खरं सांगा. मशेरी लावणाऱ्या आईलाही बरोबर घेऊन सोडा. दोघींनी एकत्र सोडलेलं जास्त टिकतं.

१८. गोव्यात कुठे जायचं? फुकट मदत मिळते का?

घरी बसून हवी असेल तर १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय तंबाखूमुक्ती फोनसेवा आहे, फोन मोफत आहे. हा क्रमांक सिगारेटच्या पाकिटावरच छापलेला असतो. प्रत्यक्ष जायचं असेल तर आधी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात. तिथून म्हापसा किंवा मडगावच्या जिल्हा रुग्णालयात पाठवतात. व्यसनाबरोबर मनाचाही त्रास असेल तर बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या) परिसरातल्या मानसोपचार संस्थेत, आयपीएचबीत जा. तोंडात पांढरा चट्टा, न भरणारी जखम, तोंड पूर्ण न उघडणं यांपैकी काही असेल तर तिथल्याच दंत महाविद्यालयात तपासून घ्या.

शेजारी बसून कुणी ओढत असेल तर त्याला थांबवायला कायदा तुमच्या बाजूनं आहे. गोव्यानं सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान आणि थुंकण्याविरुद्ध स्वतःचा कायदा १९९७ मध्येच केला आणि देशभर २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला मनाई आहे.

१९. मला रोजची औषधं चालू आहेत. सिगारेट सोडल्यावर त्यांत बदल करावा लागतो का?

काही औषधांत, हो, आणि हे फार कमी जणांना सांगितलं जातं. धूर यकृताचं काम वाढवतो, त्यामुळे काही औषधं लवकर संपतात आणि ओढणाऱ्याला त्यांचा डोस जास्त लागतो. सिगारेट थांबली की आठवड्याभरात यकृत मूळ वेगावर येतं आणि तोच डोस जास्त होतो. दम्यासाठीचं थिओफिलिन, मनाच्या आजारातली क्लोझापिन आणि ओलान्झापिन, रक्त पातळ करणारं वॉरफरिन यांच्याबाबत हे मुख्यतः घडतं. कारण धूर आहे, निकोटीन नाही. म्हणून च्युइंगम घेत असलात तरी हा बदल होतोच. इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर वेगळ्या कारणानं खाली येऊ शकते, त्यांनी पहिले काही आठवडे ती अधिक वेळा तपासावी.

औषध स्वतःहून कमी किंवा बंद करू नका. सोडण्याची तारीख ठरली की औषधांची चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि तारीख सांगा. वॉरफरिन असेल तर रक्ताची तपासणी आठवड्याभरात करून घ्या. थिओफिलिन चालू असताना मळमळ, उलट्या, छातीत धडधड असं काही झालं, किंवा क्लोझापिन-ओलान्झापिन घेणाऱ्याला एकाएकी फार झोप येऊ लागली, तोल जाऊ लागला, तर ती सिगारेट सोडल्याची सुस्ती समजून वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि सिगारेट कधी सोडली ते आधी सांगा.